कडेचा माणूस

"हा कडेचा माणूस काढून टाकू ना, मॅडम?" स्कॅनिंगच्या दुकानातल्या मुलानं विचारलं. मी फोनवर कुणाला तरी उत्तर लिहीत होते. मान वर करून पडद्याकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हो, काढा." त्यानं माउसनं त्या माणसाभोवती एक रेघ ओढली, कळ दाबली, आणि माणूस गेला. त्याच्या जागी मागच्या रंगवलेल्या पडद्यावरची झाडं आपोआप पसरली. चुलतभावाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत पुढच्या आठवड्यात होती. बैठकीच्या खोलीत घराण्यातल्या जुन्या फोटोंची एक भिंत करायची ठरलं होतं आणि त्यातला सगळ्यांत जुना, खापरपणजोबांचा फोटो नीट करून आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. मुलानं डाग घालवले, कसरीनं खाल्लेला कोपरा भरला, रंग उजळला. काम सुरेख झालं. मी पैसे दिले, मूळ फोटो पिशवीत जपून ठेवला, रिक्षा केली, घरी आले. रात्री दिवा मालवला आणि ते वाक्य परत ऐकू आलं. कडेचा माणूस काढून टाकू ना. आणि त्याच्या पाठोपाठ माझं "हो".

त्या मुलाला निदान विचारावंसं वाटलं होतं.

उठून दिवा लावला आणि पिशवीतून फोटो काढला. आत्याच्या कपाटात तो वर्षानुवर्षं एका जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला होता, त्यामुळे त्याला अजून डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. हाताच्या पंजाएवढा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कोऱ्या चहाच्या रंगाचा. मधोमध नक्षीदार हातांच्या खुर्चीवर खापरपणजोबा. डोक्यावर पगडी, अंगरखा, खांद्यावर जरीकाठी उपरणं, पायांत जोडे. डावा हात शेजारच्या टेबलावर, एका जाडजूड पुस्तकावर टेकवलेला. उजवा हात गुडघ्यावर, बोटं अशी पसरलेली की अंगठी दिसावी. शेजारी जरा बुटक्या खुर्चीवर खापरपणजी. नऊवारी, अंगभर शेला, नथ, आणि निऱ्यांखालून दिसणारी पायांची बोटं, त्यांत जोडवी. तिचे डोळे इतके मोठे उघडले आहेत की ती फोटो काढणाऱ्याकडे बघत नसून दारातून आत आलेल्या कुणाकडे तरी बघते आहे असं वाटतं. आणि अगदी डावीकडे, अर्धा गालिच्यावर अर्धा गालिच्याबाहेर, मिटलेली छत्री छातीशी धरून उभा असलेला एक माणूस. मुंडासं, गुडघ्यापर्यंत नेसलेलं धोतर, अनवाणी. छत्रीच्या काड्या मोजता येतात. पायाची नखं दिसतात. चेहरा मात्र नाही. चेहऱ्याच्या जागी ओल्या पाटीवर हात फिरवल्यासारखा एक फराटा आहे.

लहानपणापासून हा फोटो मी कितीदा पाहिला असेल. आमच्या घरात त्याला 'त्या दोघांचा फोटो' म्हणतात.

हा चेहरा असा का झाला, हे समजायला त्या काळी फोटो कसा निघत असे ते डोळ्यांपुढे आणावं लागतं. आमच्या घरातल्या समजुतीप्रमाणे फोटो १८७० नंतरच्या काही वर्षांतला, म्हणजे ओल्या काचेच्या जमान्यातला. फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं १८५१ मध्ये ही रीत जाहीर केली. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ते काचभर सारखं पसरवायचं, काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा, ओली आहे तोवरच अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. हातात मिनिटं मोजकीच, आणि मुंबईच्या उकाड्यात त्याहून कमी. कलोडियनमध्ये ईथर असे. त्या गोडसर, डोकं जड करणाऱ्या वासात, काचेच्या छपरातून येणाऱ्या उजेडात, सगळा जामानिमा करून बसलेल्या माणसांनी काही सेकंद दगडासारखं राहायचं. आज आपण एक सेकंदही स्थिर नसतो, तेव्हा पाच-सात सेकंद म्हणजे काय ते आरशापुढे उभं राहून मोजून बघावं. मी बघितलं. तिसऱ्या सेकंदाला ओठ हलतात, पाचव्याला श्वास अडखळतो. म्हणून स्टुडिओत एक लोखंडी स्टँड असे. त्याच्या वरच्या टोकाला चिमट्यासारखी दोन बोटं, ती मानेला मागून टेकवायची, म्हणजे डोकं हलत नसे. जुन्या फोटोंत नीट पाहिलं तर माणसांच्या टाचांमागे त्या स्टँडचे पाय दिसतात. आमच्या फोटोत खापरपणजोबांच्या खुर्चीमागे ते दिसतात, खापरपणजीच्या खुर्चीमागेही दिसतात. छत्रीवाल्याच्या मागे काही नाही. त्याच्यासाठी स्टँड लावावा असं कुणाच्या मनात आलं नसेल. तो फोटोत यावा असंच मुळात ठरलं होतं की छत्री यावी म्हणून तो आला, कोण जाणे.

यावरून मला फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेरनं १८३८ मध्ये पॅरिसमध्ये आपल्या खिडकीतून काढलेला त्या रुंद रस्त्याचा फोटो आठवतो. पुष्कळांनी तो पाहिला असेल. सकाळची गजबजलेली वेळ, पण काही मिनिटं कॅमेऱ्याचं भिंग उघडं ठेवावं लागल्यामुळे चालती माणसं, घोडागाड्या सगळं विरून गेलं आणि रस्ता ओसाड दिसतो. फक्त खाली डावीकडे, फुटपाथच्या कोपऱ्यावर, एक माणूस एक पाय उचलून उभा आहे. बूट पॉलिश करून घेतोय. फोटोत सापडलेला पहिला माणूस म्हणून त्याची सगळीकडे ओळख करून दिली जाते. तारयंत्रवाला सॅम्युअल मोर्स १८३९ मध्ये पॅरिसला होता, त्यानं दागेरकडे हे चित्र पाहिलं आणि घरी लिहिलेल्या पत्रात त्याचं वर्णन केलं. हलणारं काही उमटत नाही, रस्ता पूर्ण रिकामा आहे, अपवाद फक्त एका माणसाचा, जो बूट घासून घेत होता. त्याचा एक पाय बूटवाल्याच्या पेटीवर आणि एक जमिनीवर होता, तो स्थिर राहणं भागच होतं, म्हणून पाय स्वच्छ उमटले, असा त्या मजकुराचा आशय. किती बारकाईनं पाहिलंय! पेटीसुद्धा दिसली त्याला. पण पेटी आहे म्हणजे पेटीमागे बसलेला, ब्रश धरलेला दुसराही माणूस आहे. तो चित्रात आहे, अंधुक, वाकलेला. त्याचे हात चालू होते, म्हणून तो धूसर झाला. ते हात चालू होते म्हणूनच तर समोरचा इतका वेळ जागेवर उभा राहिला.

मोर्सनं एकच माणूस मोजला.

मी त्याला नावं कशी ठेवू? मी तर आमच्या फोटोत आयुष्यभर दोनच मोजले.

मुंबईत ही कला आली ती फार लवकर. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि ती केवळ साहेबांची नव्हती. गोव्याहून मुंबईत आलेले डॉक्टर भाऊ दाजी लाड तिच्यात होते, आणि त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी, तेही डॉक्टर, त्या दशकातले मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांनी पुढे बरीच वर्षं शहरात स्वतःचा स्टुडिओ चालवला. तिकडे पॅरिसात दिस्देरीनं १८५४ मध्येच एका काचेवर आठ छोटे फोटो घेण्याची युक्ती पेटंट करून ठेवली होती, त्यामुळे भेटपत्रिकेच्या आकाराचे फोटो डझनांनी निघू लागले आणि जे पूर्वी तैलचित्र काढून घेणाऱ्या सरदार-दरकदारांचं होतं ते शिकलेल्या, पगारदार माणसाच्या आवाक्यात आलं. ही मधली माणसं, कारकून, मास्तर, वकील, डॉक्टर, यांना स्वतःचं रूप असं पहिल्यांदाच मिळालं. त्यांच्या वडिलांचा चेहरा कसा होता हे त्यांच्या मुलांना कुणी सांगूनच कळायचं. त्यांचा स्वतःचा मात्र भिंतीवर राहिला.

आणि भिंतीवर राहणार म्हटल्यावर काय राहावं हे त्यांनी फार काळजीनं ठरवलं. स्टुडिओतली खुर्ची हा मला त्या काळच्या फोटोंतला सगळ्यांत बोलका भाग वाटतो. घरात गादी-लोड, पाट, चटई. वडीलधाऱ्यांपुढे तर उभंच राहायचं. खुर्ची ही कचेरीतली वस्तू, तीही साहेबाची. कारकून खाली बैठकीवर बसून लिहीत असे. त्यामुळे जुन्या फोटोंतली माणसं खुर्चीवर बसलेली दिसतात खरी, पण टेकलेली क्वचितच दिसतात. पाठ ताठ, बूड पुढच्या कडेवर, पाय जमिनीला घट्ट लावलेले. खापरपणजोबा अगदी तसेच बसलेत. शेजारचं टेबल, फुलदाणी, मागचा बागेचा पडदा, पुस्तक, सगळं स्टुडिओचं. त्याच पुस्तकावर त्या महिन्यात किती जणांनी हात ठेवला असेल. पुस्तकाची पाठ पलीकडे वळलेली आहे, त्यामुळे नाव वाचता येत नाही. लहानपणी मला ती ज्ञानेश्वरी वाटायची.

त्यांच्या ताठ पाठीकडे बघताना मला राग येत नाही, हेही सांगायला हवं. हा मनुष्य राजापूरकडच्या एका खेड्यातून मुंबईत आला, वार लावून जेवला, रस्त्याच्या दिव्याखाली नाही पण दुसऱ्याच्या ओसरीवर अभ्यास करून इंग्रजी शिकला आणि एका वकिली कचेरीत मुख्य कारकून झाला. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, आणि एखादा वार कुणी दिला नाही तर त्या दिवशी उपास. ज्याच्या पानात काय वाढायचं ते दुसऱ्याच्या घरच्या बाईनं ठरवावं, त्या मुलाला एक दिवस आपली अंगठी दिसावी असं वाटलं तर त्यात गैर काय? त्याच्या त्या पसरलेल्या बोटांवर माझं मनापासून प्रेम आहे. आत्याची आजी सांगायची की ह्या फोटोला गड्याच्या महिन्याच्या पगाराएवढे पैसे पडले होते आणि घरात बरेच दिवस त्यावरून बोलणी चालली होती. मला नेहमी ह्या गोष्टीतला पहिला भाग ऐकू यायचा, म्हणजे फोटो किती महाग होता. गड्याचा पगार किती होता हे त्याच वाक्यात सांगितलेलं आहे, आणि तो गडी त्याच फोटोत उभा आहे, ही जोड मी परवापर्यंत लावली नव्हती.

अशा फोटोंच्या कागदाबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. काचेवरून छाप घ्यायचा तो कागद अंड्यातलं पांढरं लावून चकचकीत केलेला असे. त्यावर चांदीचा क्षार चढवायचा आणि उन्हात छाप उमटवायचा. युरोपातल्या कारखान्यांत बायका दिवसभर अंडी फोडून पांढरं आणि पिवळं वेगळं करत बसायच्या, आणि तो कागद जहाजांनी जगभर जायचा. ज्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती, त्या घरात हा फोटो देवघराशेजारी टांगलेला होता, त्याला दसऱ्याला हार घातला जाई. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "अंडी फोडणाऱ्या बायांचे हात किती आंबत असतील गं." तिच्या तोंडून हे येईल असं मला वाटलं नव्हतं.

ज्यांना खुर्ची मिळाली नाही अशांचेही फोटो त्या काळी निघत होते, आणि पुष्कळ निघत होते. फक्त ते त्यांच्यासाठी निघत नव्हते. मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचे एक फोटोग्राफर होते. शहरात राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींवर त्यांनी दोन खंडांचं पुस्तक काढलं, पहिला खंड १८६३ मध्ये, आणि १८६६ चा दुसरा महाराष्ट्रातल्या लोकांचा. त्यातली माणसं स्टुडिओत उभी करून फोटो घेतले, मग ती कात्रीनं कापून घेतली आणि दुसरीकडे काढलेल्या रस्त्याच्या, देवळाच्या, झाडांच्या फोटोंवर चिकटवून पुन्हा फोटो घेतला. जवळून पाहिलं की पायांभोवतीची कात्रीची कड कळते, माणसाची सावली एकीकडे आणि मागच्या इमारतीची दुसरीकडे पडलेली दिसते. जमीन पायांखालची नाहीच. त्यानंतर लंडनहून जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेलं 'द पीपल ऑफ इंडिया' आलं, १८६८ ते १८७५, आठ खंड, ४६८ फोटो. सत्तावन्नच्या बंडाची धास्ती घेतलेल्या सरकारला आपण कुणावर राज्य करतो ते समजून घ्यायचं होतं. बहुतेक फोटोंखाली जात, जमात, धंदा, गाव. त्या माणसाला आई कुठल्या नावानं हाक मारायची ते बहुतेकदा नाही. त्या पानांतल्या लोकांचे डोळे मी इंटरनेटवर मोठे करून पाहिले आहेत. काही घाबरलेले, काही रागावलेले, एखादा पोरगा हसू दाबणारा. खाली छापलेल्या शब्दाचा आणि त्या डोळ्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही.

या पुस्तकाची एक हकिगत माझ्या मनातून जात नाही. १८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान मुलांना घेऊन लंडनला गेले होते. तिथे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या इंडिया ऑफिसमध्ये यातले तोवर निघालेले खंड ठेवलेले होते. उघडेवाघडे उभे केलेले आपले लोक त्यात पाहून सय्यद अहमद यांना शरम वाटली. त्यांचा मुलगा महमूद पानं चाळत असताना एका तरुण इंग्रजानं त्याला विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? महमूद लाजला, हो म्हणाला, आणि घाईघाईनं पुढे म्हणाला की आपण तिथले मूळचे रहिवासी नव्हेत, आपले पूर्वज दुसऱ्या देशातून आलेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या इंग्रजाचा संताप आला होता. अलीकडे माझं लक्ष महमूदच्या घाईकडे जातं. समोरच्या पानावरचा मनुष्य आणि आपण यांच्यामध्ये रेघ ओढायची ती घाई. दुकानात मी तसंच "हो" म्हणाले होते.

त्याच दशकात, म्हणजे आमच्या घरचा फोटो निघाला त्याच्या आसपास, १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला. मद्रासकडे विलबी हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं भुकेनं हाडं उरलेल्या माणसांचे फोटो काढले. ओळीनं बसवून, मागे दोन उभे, पुढे मुलं, जसं एखाद्या कुटुंबाला बसवतात तसं. ते फोटो मी एकदाच पाहिले. पुन्हा पाहणार नाही.

पण कॅमेरा हे कुणा एकाचंच हत्यार नव्हतं, हे ज्याला फार लवकर कळलं तो गुलामगिरीतून पळून सुटलेला अमेरिकेतला फ्रेडरिक डग्लस. एकोणिसाव्या शतकात ज्यांचे सर्वांत जास्त फोटो निघाले अशा अमेरिकन माणसांत त्याचं नाव घेतात, शंभर-सव्वाशे नव्हे, दीडशेच्या वर. त्यांत तो जवळजवळ कधीच हसला नाही. हसरा, समाधानी काळा माणूस ही गोऱ्यांना हवी असलेली प्रतिमा आपण द्यायची नाही, हे त्यानं ठरवलेलं होतं. लोखंडी चिमट्यात मान देऊन तो पुन्हा पुन्हा बसला आणि पुन्हा पुन्हा सरळ बघत राहिला. १८६१ मध्ये चित्रांवर दिलेल्या व्याख्यानात तो म्हणाला, की पन्नास वर्षांपूर्वी राजांना पैसा ओतून मिळालं नसतं असं स्वतःचं चित्र आज गरिबातली गरीब मोलकरीण जवळ बाळगू शकते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. तिकडे काय झालं हे पुण्यात बसून त्यांना नेमकं दिसलं होतं. आमच्या गिरगावच्या बिऱ्हाडापासून पुणं एका दिवसाच्या आगगाडीवर. डग्लसचं ते वाक्य वाचल्यावर मी किती वेळ त्या मोलकरणीचा विचार करत होते. तिनं तो फोटो कुठे ठेवला असेल? आपल्याकडे त्या पिढीतल्या एखाद्या गड्यानं, एखाद्या दळणकांडण करणाऱ्या बाईनं पदरचे पैसे मोडून स्टुडिओत जाऊन, आज माझा एकटीचा काढा, असं सांगितलं असेल का? सांगितलं असेल तर तो फोटो कुठल्या पत्र्याच्या पेटीत असेल?

वास्तुशांतीच्या दिवशी भिंत फार देखणी दिसत होती. मोठा केलेला, उजळलेला खापरपणजोबांचा फोटो मधोमध. सगळ्यांनी कौतुक केलं, भावाच्या मुलीनं त्यापुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढला. पन्ह्याचा पेला हातात घेऊन मी जवळ गेले. गालिच्याच्या डाव्या कडेवर, जिथे आता नुसती रंगवलेली झाडं होती, तिथे खाली पायाची दोन बोटं राहून गेली होती. अंगठा आणि शेजारचं. संगणकाला ती गालिच्याची नक्षी वाटली असावी.

मी आत्याला हात धरून तिथे नेलं. तिला चष्म्यातून ती बोटं दिसायला वेळ लागला. "अगं बाई, हा तर आपला गडी," ती म्हणाली. मी विचारलं, नाव काय त्याचं? "गडी म्हणायचे. छत्री धरायचा, बाजार करायचा, मुलांना शाळेत पोचवायचा. गावाकडूनच बरोबर आणलेला." मग जरा थांबून, "नाव असणारच की गं." फोटोच्या मागे मोडीत एक ओळ आहे. ती मी त्याच आठवड्यात मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून वाचून घेतली होती. मनाशी आशा होती की तिघांची नावं निघतील. निघालं ते असं: रा. रा., पुढे खापरपणजोबांचं पूर्ण नाव, आणि त्याच्यापुढे 'सहकुटुंब'. म्हणजे खापरपणजीसुद्धा त्या ओळीत नावानं नाही. तिचं सासरचं नाव आम्हांला ठाऊक आहे, कारण ते पुढे नातींना ठेवलं गेलं. माहेरचं कुणालाच ठाऊक नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तिनं ऐकलं होतं आणि ती जायला तयार नव्हती, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. ते मोठे उघडलेले डोळे त्या भीतीचे. छत्रीवाल्याला भीती वाटली होती का, हे कुणी विचारलं नसेल, विचारलं असेल तरी गोष्टीत राहिलं नाही. तीन माणसं, तीन जोड्या पाय. एका पायांत जोडे आणि मागे नाव. एका पायांत जोडवी आणि मागे 'सहकुटुंब'. आणि एक पाय अनवाणी.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या दुकानात गेले. मुलगा ओळखून हसला. मूळ फोटो पुन्हा स्कॅन करा, म्हटलं, शक्य तेवढा मोठा, आणि कुणालाही काढायचं नाही. त्यानं काही विचारलं नाही, काम सुरू केलं. पडद्यावर फोटो वरून खाली उलगडत आला. छत्रीवाल्यापाशी आल्यावर मुलगा म्हणाला, "ह्यांचा चेहरा गेलाय. करून देऊ? आता होतं." मी हो म्हणायच्या आधीच त्यानं करून दाखवला. फराटा गेला आणि तिथे एक तरतरीत चेहरा आला. सरळ नाक, भरघोस मिशा, ओलसर चमकणारे डोळे, कानाची पाळीसुद्धा. मी बघतच राहिले. क्षणभर घशाशी आवंढा आला, की हा भेटला. मग लक्षात आलं की ह्याला मी कुठे कुठे पाहिलंय, जाहिरातींत, मालिकांत. हा चेहरा कुणाचाच नव्हता. "नको," मी म्हणाले. "पुसा. पहिलं होतं तसं करा."

त्यानं तो चेहरा पुसला आणि फराटा परत आला. ते करताना मुलगा पडद्याजवळ वाकला, मोठा करत गेला, आणखी मोठा. "मॅडम, हे बघा. हा नुसता हललेला नाही. ह्याला दोन चेहरे आहेत." खरंच होतं. त्या ओल्या पाटीसारख्या डागात, नीट पाहिलं तर, एक नाकाची कड समोर बघत होती आणि एक उजवीकडे, खुर्चीच्या दिशेला वळलेली. आधी तो कॅमेऱ्याकडे बघत स्थिर उभा राहिला होता, दोन-तीन सेकंद तरी, कुठल्याही स्टँडशिवाय. मग त्यानं मान वळवली. "मध्येच कुणीतरी हाक मारली असणार," मुलगा म्हणाला. कुणी मारली असेल? फोटोग्राफरनं 'ए' म्हणून? की त्या घाबरलेल्या बाईनं, गावाकडच्या त्या दुसऱ्या माणसाला, त्याच्या नावानं, ओठ न हलवता?

दुकानात तेवढ्यात एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आली, मुलगा उठला, काम करून पुन्हा येऊन बसला. पडद्यावर तो चेहरा तसाच होता, दोन्हीकडे बघणारा.

"कुठपर्यंत ठेवू?" त्यानं चौकट ओढत विचारलं.

"कडेपर्यंत," मी म्हणाले. "पुठ्ठासुद्धा येऊ दे."